लेबर रूममधलं घड्याळ

गावाकडच्या लहान प्रसूतिगृहात पाहुण्याला दाखवायच्या वस्तू ठरलेल्या असतात: सोनोग्राफीचं मशीन, बाळाचा वॉर्मर, नवं टेबल. रात्रीच्या सिस्टरला मात्र सगळ्यात जास्त लागतं ते दीडदोनशे रुपयांचं घड्याळ. ते टेबलासमोरच्या भिंतीवर हवं, सेकंदकाटा लांबून दिसायला हवा आणि सेल ताजा हवा. बंद पडलेलं घड्याळ एक वेळ परवडतं, कारण ते बंद आहे हे कळतं. मागं पडणारं घड्याळ घात करतं.

कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावडा, राधानगरीच्या बाजूला असे दवाखाने जवळजवळ एकाच साच्यातले. खाली ओपीडी, औषधांचं कपाट, सात-आठ खाटांचा वॉर्ड. वर डॉक्टरांचं बिऱ्हाड. मागं न्हाणी आणि पाण्याचा बंब. वॉर्डाच्या टोकाला लेबर रूम. रात्री एक सिस्टर, एक मावशी, आणि जिन्याच्या वरच्या टोकाला झोपलेले डॉक्टर. नवी मुलगी नर्सिंगच्या एएनएम कोर्सची दोन वर्षं किंवा जीएनएमची तीन वर्षं पुरी करून आलेली असते. सुई टोचता येते, बीपी घेता येतं, पाठ केलेली व्याख्या न अडखळता म्हणता येते. थांबता येत नसतं. बाळंतपणाच्या कामात नव्वद टक्के थांबणं आणि दहा टक्के धावणं आहे, आणि दोन्ही घड्याळाकडं बघूनच करायची असतात.

कळा मोजण्यापासून सुरुवात होते. कळा मोजायच्या म्हणजे "दुखतंय का?" असं विचारून वहीत बरोबरची खूण करायची नसते. तळहात पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, माथ्यावर सपाट ठेवायचा आणि पुरती दहा मिनिटं तिथंच ठेवायचा. पोट हाताखाली कडक व्हायला लागलं की सेकंद धरायचे, मऊ पडलं की सोडायचे. दहा मिनिटांत तीन कळा आणि प्रत्येक चाळीस सेकंदांच्या वर, म्हणजे काम रांगेला लागलंय. वीस सेकंदांच्या आतल्या कितीही आल्या आणि बाई कितीही ओरडली तरी अजून वेळ आहे. उलट एखादी गप्प बाई, दातांत पदर धरून भिंतीकडं तोंड करून पडलेली, पन्नास सेकंदांच्या कळा सोसत असते. नव्या सिस्टरचा हात दोन मिनिटांत उचलला जातो. तिला वाटतं आपण नुसत्याच बसलोय.

बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला, कळ ओसरल्याबरोबर, पूर्ण एक मिनिट ऐकायचे. ११० ते १६० ठीक. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची खोड सगळ्या नवख्यांना असते आणि ती मोडावी लागते. कळेत बाळाचा प्राणवायू थोडा तुटतो. ज्याला तो सोसत नाही त्याचे ठोके कळ संपल्यावरही काही वेळ खाली राहतात आणि मग सावकाश वर येतात. कळ जाऊन निवांत झाल्यावर पंधरा सेकंद ऐकणाऱ्याला ते कळतच नाही. त्याच्या वहीत १४४ पडतात, नेहमीसारखे.

हे सगळं ज्या कागदावर चढतं तो पार्टोग्राफ. पिशवीचं तोंड चार सेंटीमीटर उघडलं की भरायला घ्यायचा. एक तिरकी रेषा तासाला एक सेंटीमीटर या हिशेबानं वर जाते, ती अलर्टची. तिच्या उजवीकडं चार तासांवर दुसरी, ॲक्शनची. या दोन रेषा १९७२ साली फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, मांडल्या. तिथं आडरानातल्या दवाखान्यांत सुईणी बाळंतपणं करत आणि मोठं हॉस्पिटल लांब असे. मधले चार तास ठेवले ते या वाटेसाठी. हे एकदा समजलं की कागद वेगळा दिसतो. कोल्हापुरातल्या मोठ्या हॉस्पिटलात अलर्टची रेषा ओलांडली तर डॉक्टर बघायला येतात. पन्नास किलोमीटर लांब असलेल्यानं त्याच रेषेवर गाडीला फोन लावायचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली नवा तक्ता आणलाय. त्यात या रेषा नाहीत आणि मोजणी पाच सेंटीमीटरपासून होते. पण गावाकडं अनेक भिंतींवर जुनाच चिकटवलेला आहे, आणि मन लावून भरला तर तोही पुरतो.

मन लावून न भरलेला पार्टोग्राफ ओळखणं सोपं आहे. सगळा एकाच पेनानं, एकाच वळणात, ठोके प्रत्येक वेळी १४०, ठिपके रेषेवर मोत्यासारखे ओवलेले. बाळंतपण उरकल्यावर चहा पीत भरलेला असतो तो.

आतून तपासणी चार तासांतून एकदा. मधेच लागली तर कारण हवं: पाणी गेलं, ठोके बिघडले, जोर यायला लागला. सासूनं दारातनं चौथ्यांदा "किती झालंय ओ?" विचारलं हे कारण होत नाही, प्रत्येक तपासणीबरोबर जंतू आत जातात. पाणी गेलं की वेळ लिहायची आणि रंग बघायचा. स्वच्छ असेल तर बरं. हिरवट असेल तर बाळानं आत शी केलीय, म्हणजे ठोके आता अर्ध्या तासाची वाट बघणार नाहीत.

मावशींच्या हिशेबाचं एकक बोट असतं. "दोन बोटं हाय" म्हणजे साधारण तीन-चार सेंटीमीटर. कुणाचं बोट यावर ते अवलंबून, म्हणून कागदावर सेंटीमीटरच लिहायचे. पण मावशींचा कान कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही. त्या वॉर्डात झाडू मारताना थबकतात आणि म्हणतात, "बाई, हिचा आवाज बदलला." वरच्या पट्टीतलं ओरडणं जाऊन घशातून कुंथल्यासारखा आवाज आला म्हणजे डोकं खाली आलं. त्याच्या जरा आधी, आठ-नऊ सेंटीमीटरला, एक वेळ अशी येते की बाईचा धीर सुटतो. उलटी होते, पाय थरथरतात, आणि शहाणीसुरती पोरगी उठून चपला शोधायला लागते. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही येतो, जातो म्हणतात, म्हणून ते असं ऐकू येतं: "न्हाई ओ बाई, मला न्हाई जमत. मी घरला जातो." नवी सिस्टर घाबरते किंवा रागावते. जाणती सिस्टर तिचा हात धरते आणि मावशींना डोळ्यानं खुणावते: टॉवेल गरम करा.

मात्र पिशवीचं तोंड पुरतं उघडायच्या आत जोर लावायला सांगायचा नाही. तोंडाची कड डोकं आणि हाड यांच्यामध्ये चेपते, सुजते आणि उघडायचं तेवढंही उघडत नाही. "कर जोर, कर जोर" असा सामुदायिक गजर लवकर सुरू झाला की दोन तासांनी बाई दमून गेलेली असते आणि बाळ तिथंच. वरून पोट दाबणं तर पूर्ण बंद. त्यानं पिशवी फाटू शकते, बाळाला इजा होते. जुन्या दवाखान्यांत ते सर्रास चालायचं आणि कुठं कुठं अजून चालतं, याचं आश्चर्य वाटत नाही, राग येतो.

आता ट्रेकडं वळू. सरकारी लेबर रूमच्या नियमात सात ट्रे आहेत. खासगी छोट्या ठिकाणी तीन नीट असले तरी रात्र निभते: डिलिव्हरीचा, बाळाचा, औषधांचा. डिलिव्हरीच्या ट्रेत दोन आर्टरी फोर्सेप, कात्री, नाळेचा क्लॅम्प, गॉज, पॅड, हातमोजे. बाळाच्या ट्रेत दोन कोरडे टॉवेल, तोंडा-नाकातला चिकटा ओढायचा म्यूकस सकर, श्वास द्यायची अँबू बॅग, शून्य आणि एक नंबरचे मास्क, व्हिटॅमिन के. औषधांच्या ट्रेत सगळ्यात मोलाची ती ऑक्सिटोसिनची काच, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी.

या एका औषधाची दोन तोंडं आहेत. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत दहा युनिट मांडीत दिलं की पिशवी आवळते आणि रक्त थांबतं. तेच बाळ आत असताना स्नायूत टोचलं तर पिशवी इतकी आवळते की बाळ गुदमरतं, आणि कधी पिशवीच फाटते. जन्माआधी ते फक्त सलाईनमधून, थेंब मोजून, डॉक्टर हजर असताना. "कळा यायची सुई" म्हणून कुठल्यातरी वाडीवर कुणीतरी टोचून मग पेशंट पाठवलेला असतो. म्हणून दाखल करताना पहिल्या पाच प्रश्नांत हा हवा: इथं यायच्या आधी कुणी सुई दिली का? किती वाजता? सासूकडनं लगेच खरं उत्तर येईलच असं नाही, नवऱ्याला वेगळं विचारावं.

ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये राहतं, दोन ते आठ अंशांत. दारातल्या कप्प्यात ठेवायचं नाही. दार दिवसातून पन्नासदा उघडतं. श्रावणात वादळी पावसात रात्रभर लाइट गेली तर लशीच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांबरोबर. उन्हात राहिलेलं ऑक्सिटोसिन दिसायला जसंच्या तसं असतं, फक्त पिशवी आवळत नाही, आणि ते कळतं तेव्हा टेबलाखालची बादली भरत असते.

आणखी एक. आईचं रक्त थांबवायचं मेथर्जिन आणि बाळाचं व्हिटॅमिन के, दोन्हींच्या काचा लहान. घाईत, टॉर्चच्या उजेडात, एकीच्या जागी दुसरी उचलली जाणं ही जगभर नोंदली गेलेली चूक आहे. मेथर्जिन बाळाला गेलं तर झटके येतात, श्वास थांबतो. उपाय डोक्याचा नाही, जागेचा आहे: आईची औषधं बाळाच्या ट्रेजवळ येताच कामा नयेत, आणि व्हिटॅमिन के भरायचं ते नाव मोठ्यानं वाचून. मेथर्जिन बीपी चढलेल्या आईलाही चालत नाही.

डोकं बाहेर येताना एका हातानं पॅड धरून खालून आधार द्यायचा, दुसऱ्या हातानं डोकं सावकाश येऊ द्यायचं. मानेभोवती बोट फिरवून नाळेचा वेढा पाहायचा. सैल असला तर डोक्यावरून काढायचा. बाळ आलं की वेळ मोठ्यानं सांगायची, मावशींनी ती तळहातावर लिहिली तरी चालेल. हीच वेळ जन्मदाखल्यात जाते आणि पत्रिकेतही. बारशाच्या आधी गुरुजी फोन करून विचारतात, "सव्वाचार म्हणजे नक्की सव्वाचारच ना?" त्यामुळं ओपीडीचं घड्याळ पाच मिनिटं पुढं ठेवायची सवय असेल, तर ती लेबर रूमपर्यंत येऊ देऊ नये. कुणाचं तरी लग्न तीस वर्षांनी अडायचं.

मग सुरू होतं ते एक मिनिट. बाळ आईच्या पोटावर, पहिल्या टॉवेलनं खसखसून पुसायचं, तो ओला टॉवेल फेकायचा, दुसऱ्यात गुंडाळायचं. पुसणं हीच पहिली थोपट. बहुतेक बाळं तेवढ्यानं रडतात. रडलं की नाळ कापायची घाई नाही, एक ते तीन मिनिटं थांबायचं. तेवढ्यात वारेतलं (प्लासेंटातलं) रक्त बाळाकडं जातं आणि पुढचे काही महिने लोहाला उपयोगी पडतं. न रडणाऱ्याला पाय धरून उलटं टांगायचं नाही, पाठीत चापट्या मारायच्या नाहीत. नाळ कापून वॉर्मरखाली, खांद्याखाली टॉवेलची इंचभर घडी. काही अडकलेलं दिसलं तर आधी तोंड, मग नाक. क्रम महत्त्वाचा, कारण नाकाला नळी लागली की बाळ दचकून श्वास ओढतं आणि तोंडातलं सगळं छातीत जातं. तरी श्वास नाही तर बॅग, मिनिटाला चाळीस ते साठ वेळा. "दाब, दोन, तीन, दाब, दोन, तीन" असं मोठ्यानं म्हटलं की गती आपोआप बसते. छाती उचलली गेली पाहिजे. उचलत नसेल तर दहातल्या नऊ वेळा बॅग ठीक असते. मास्क कडेनं हवा सोडत असतो किंवा मान जास्त मागं गेलेली असते. बॅगची तपासणी मात्र ड्यूटीच्या सुरुवातीलाच: मास्क तळहातावर घट्ट धरून दाबायची, झडप उघडल्याचा आवाज आला पाहिजे. रबर चिरलेली बॅग कपाटात वर्षभर सुखानं झोपते.

बाळ रडलं की खोलीतला ताण उतरतो. नेमका तिथंच घोळ आहे. आईचं काम निम्मंच झालेलं असतं.

वार पडायची वाट बघायची. नाळ लांब होते, रक्ताचा एक लोंढा येतो, पिशवी गोल कडक होऊन वर सरकते. ही लक्षणं दिसल्यावर एक हात ओटीपोटावर, पिशवीला वर लोटून धरायला, आणि दुसऱ्यानं नाळ हळू, सलग ओढायची. पिशवी मऊ असताना नाळ ओढली तर पिशवी मोज्यासारखी उलटी होऊन बाहेर येते. अर्ध्या तासात वार पडली नाही तर ओढाताण नाही, डॉक्टर आणि गाडी. पडलेली वार बादलीत टाकायच्या आधी ताटात पसरून बघायची: मांसल बाजूचे सगळे तुकडे एकमेकांना जुळतात का, पडदा अखंड आहे का. एक तुकडा आत राहिला तरी पहाटे तीनला तो आठवण करून देतो.

त्यानंतरचे दोन तास माझ्या मते सगळ्या बाळंतपणातले सगळ्यात धोक्याचे. सगळ्यात ढिलेही तेच. दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, पिशवी कडक आहे का, पॅड किती भिजला. पण याच वेळी बाहेर गाव जमलेलं असतं. दाराला तोंड लावून एकच प्रश्न असतो, "काय झालं?" मुलगा की मुलगी एवढाच त्याचा अर्थ. २००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या; त्यानंतर काही वर्षांनी जिल्हा प्रशासनानं सोनोग्राफीच्या मशीनला नोंद ठेवणारं यंत्र जोडायची मोहीम काढली, ती या आकड्यामुळं. सिस्टरनं उत्तराचा क्रम पाठ करावा: "बाळंतीण मोकळी झाली, दोघं बरी आहेत, तीन किलोचं बाळ आहे," आणि मग काय ते. थोड्या वेळानं पेढे येतात, मुलगी असली तर जिलेबी. फॉर्म भरायचे, सह्या घ्यायच्या, आजीला थांबवायचं, कारण ती मधाचं बोट घेऊन उभी असते आणि पहिला चीक पिळून टाकायला सांगत असते. (चीक पाजायचा, तासाभरात. मध, काजळ, नाळेवर हळद, आज आंघोळ: सगळ्याला नाही.) या गडबडीत चादरीखाली रक्त जातं आणि कुणी बघत नाही.

पिशवी ढिली वाटली की आधी लघवी. भरलेलं मूत्राशय पिशवीला आवळू देत नाही. बाईला बसवून लघवी करवली की पुष्कळदा रक्त तिथंच कमी होतं. नाहीच झालं तर पिशवी चोळायची, ओरडून माणूस बोलवायचा, दोन्ही हातांना जाड सुया लावायच्या, सलाईनमध्ये वीस युनिट ऑक्सिटोसिन, रक्त थांबवणारं ट्रानेक्सॅमिक ॲसिड एक ग्रॅम शिरेतून. ते बाळंतपणानंतर तीन तासांच्या आतच कामाचं. अर्धा लिटर रक्त गेलं की त्याला अतिरक्तस्राव म्हणायचं, पण नजरेचा अंदाज बऱ्याचदा निम्माच असतो, म्हणून आपल्याला "जास्त नाही" वाटलं तरी दुप्पट धरावं. हिमोग्लोबिन सातवर असलेल्या बाईला अर्धा लिटरसुद्धा झेपत नाही. ऊसतोडीच्या टोळीतल्या बाया बहुधा अशाच येतात, तपासणीचं कार्ड गावी राहिलेलं, शेवटच्या दिवसापर्यंत मोळ्या उचललेल्या.

अशा रक्तस्रावात सर्वसाधारणपणे दोन तास हातात असतात. आता अंतरं बघा. गगनबावडा ते कोल्हापूर ५५ किलोमीटर. चंदगड इतकं लांब की तिकडची माणसं सरळ बेळगावला जातात. हंगामात उसाच्या ट्रॉल्या, दोन-दोन जोडलेल्या, मागं लाल दिवा नाही. पावसाळ्यात वेगळंच: गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी आलं की वाट संपली. म्हणून जुलैपासून इकडचे लोक कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बघतात, ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. प्रसूतिगृहात तो आकडा दिवस भरत आलेल्या बायकांच्या यादीशेजारी लिहावा. बंधारा तिशीत असतानाच सिझर झालेल्या, बीपीच्या, जुळ्यांच्या बायकांना शहरात नातेवाइकांकडं जायला सांगायचं. २०१९च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गच बंद होता. तेव्हा यादी काढायला बसलेल्यांना उशीर झालेला होता.

पाठवायचंच झालं तर १०८ला फोन, कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला फोन, आणि चिठ्ठीत वेळा. "पेशंट सिरीयस, पुढील उपचारार्थ" ही चिठ्ठी निरुपयोगी आहे. किती वाजता बाळ, किती वाजता वार, कुठलं औषध किती आणि किती वाजता, रक्तगट कोणता, एवढं असलं की तिकडचा डॉक्टर पहिली दहा मिनिटं वाचवतो. सिस्टर गाडीत बरोबर, एक हात पिशवीवर. झटके आलेली असेल तर डाव्या कुशीवर, आणि निघायच्या आधी झटके थांबवायला मॅग्नेशियम सल्फेट: प्रत्येक कुल्ल्यात पाच ग्रॅम, म्हणजे दोन्हीकडं मिळून पन्नास टक्क्यांच्या दोन मिलीच्या दहा काचा. रात्री दीडला दहा काचा फोडायला किती वेळ लागतो हे एकदा दिवसा फोडून बघावं.

सकाळी दूध संस्थेत कॅनचे आवाज सुरू होतात तेव्हा रात्रीचं खरं आवरणं सुरू होतं. हत्यारं आधी ब्लीचिंगच्या पाण्यात: लिटरला तीन सपाट चमचे, प्लॅस्टिकच्या बादलीत, दहा मिनिटं. जास्त वेळ ठेवली की कात्री गंजते आणि पुढच्या वेळी नाळ कापण्याऐवजी चावते. मग घासून, पुसून ड्रममध्ये. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं जंतू मारायचं यंत्र, पंधरा पौंड दाबाला, बांधलेल्या सामानाला तीस मिनिटं, आणि मिनिटं गॅस पेटवल्यापासून नाही, काटा पंधरावर आल्यापासून मोजायची. ड्रमची भोकं आत जाताना उघडी, बाहेर काढल्याबरोबर बंद. नव्या मुली यातलं एक हमखास विसरतात: बंद ठेवून घातला तर वाफ आत गेलीच नाही, उघडा राहिला तर धूळ गेली. दोन्ही ड्रम बाहेरून सारखेच चकचकीत दिसतात. म्हणून वर तारखेची पट्टी आणि सही.

पावसाळ्यात टॉवेल मात्र वाळत नाहीत. गॅलरीत दोऱ्यावर तीन दिवस दमट राहतात, वास धरतात. त्यांना इस्त्री करावी लागते, दोन्ही बाजूंनी, घडीच्या आतूनसुद्धा, हाताला ओल लागेनाशी होईपर्यंत. ट्रेत दोन लागतात. या दिवसांत चार ठेवायचे.